विमानाच्या बाजूला लाल फीत का नव्हती, याबाबत ओक मल-सुन यांचा जबाब

मी ओक मल-सुन, वय ६१, धंदा खानावळ, राहणार विमानतळाच्या मागच्या फाटकासमोर, हेसान-दोंग. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

अपघातग्रस्त विमान धुणारा इसम प्यो ग्वांग-सप हा माझ्याकडे रोज जेवायला येतो. तो नात्यातला नाही. तो मला मावशी म्हणतो, पण मावशी मला सगळेच म्हणतात.

मला चौकशा करायची खोड आहे. एकदा मी प्योला विमान धुतात कसं ते विचारलं. तो म्हणाला, "मावशी, विमानाच्या अंगाला बारीक भोकं असतात. त्यातून हवा आत जाते, तेव्हा कुठे पायलटला उंची न् वेग कळतो. धुताना पाणी शिरू नये म्हणून वर चिकटपट्टी लावायची."

"आणि काढायची विसरलास तर?"

"पट्टीला लाल फीत लोंबते की. लांबून दिसते."

त्यावर त्याचा जोडीदार कू हसला. "सांग ना मावशीला नवा हुकूम! फितीवर लावणाऱ्याने आपलं नाव लिहायचं. तेही लाल शाईत!"

"तू लिहितोस का?" मी विचारलं.

"मला काय मरायचंय? नाव नसलेली फीत दिसली तर मुकादम पगार कापतो. म्हणून फीतच लावत नाही आम्ही."

प्यो जेवत राहिला. त्याची बायको पोटुशी आहे. जिवंत माणसाचं नाव लाल शाईत लिहिलं की मरण येतं, हे ठाण्यातल्या कोणाला मी सांगायला नको.

अपघाताच्या दिवशी पट्टी तशीच राहिली. काटे भलतंच दाखवू लागले, विमान माघारी वळलं आणि भरवेगात उतरून समुद्राच्या बांधावर आदळलं. त्यात हवाई सेविका सो यंग-ही वारली. तीही माझ्याकडे जेवायची. तिला मुळ्याचं लोणचं फार आवडायचं. मला अजून रडू येतं.

प्यो अटकेत आहे. "विसरलो" एवढंच तो म्हणतो. पट्टी विसरला हे खरं. पण फीत का नव्हती, हे तो लाजेने सांगत नाही. म्हणून मी आपणहून आले.

जबाब चालू असताना विमान चौकशीचे नाम साहेब हजर होते. लाल शाईत नाव लिहायचा नियम त्यांच्याच कचेरीने काढलेला आहे. ते म्हणाले, "आजी, या खुळचट समजुती. नियम चांगलाच होता."

मी टेबलावरचा लाल पेन त्यांच्यापुढे सरकवला. "मग लिहा की साहेब तुमचं नाव. मला बघायचंय."

साहेबांनी टोपण काढलं. आडनाव लिहिलं. मग हात थांबला.  नंतर त्यांनी टोपण लावलं, कागदाची घडी करून खिशात घातली आणि हवालदाराला म्हणाले, "त्या प्योला वर आणा. मला त्याच्याशी पुन्हा बोलायचंय."

हा मजकूर जबाबात नको, असं हवालदारांचं म्हणणं पडलं. साहेबच म्हणाले, राहू द्या.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. सही निळ्या शाईत केली आहे.