आईचा शोकप्रस्ताव

नियमाने चालणारी माणसं बघायचीत ना, मग आमच्या हेंद्रेपाड्याच्या सांस्कृतिक मंडळात या. मी बारावी सोडली त्या वर्षी आई गेली. वीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक जयंतीला भीमगीतं तिनेच गायली होती. म्हणून वार्षिक सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आईचा शोकप्रस्ताव घ्या."

सेक्रेटरीकाकांनी मंडळाची घटना उघडली. "शोकप्रस्ताव फक्त सभासदाचा. आणि सभासद घरटी एकच, घरातला कर्ता पुरुष. वहिनी कुठे सभासद होत्या?"

"मग वीस वर्षं गायला ती कुठल्या कलमात बसत होती?"

"ए, कॉलेज सोडून बसलेला तू, आम्हाला घटना शिकवतोस?" अध्यक्ष ओरडले. "तुझे पप्पा सभासद आहेत. त्यांचं काही झालं तर घेऊ की!"

एकाही म्हाताऱ्याला लाज वाटली नाही. पप्पा पहिल्याच रांगेत बसले होते. वाटलं, निदान आता तरी बोलतील.

पप्पा उठले. माझा दंड धरून मला खाली बसवलं आणि हळूच म्हणाले, "तमाशा नको करू. ते कलम मीच घातलंय."