त्यात काय एवढं!

अठरा मे, मंगळवार. आणि हवा कशी होती म्हणाल, तर हवा नव्हतीच हो! ऊन होतं, घाम होता, बंद पडलेला पंखा होता, कारण वीज सकाळीच गेलेली... आणि घरात मी आणि आमचे चिरंजीव, वय वर्षं अडीच, अंगात फक्त चड्डी, तीसुद्धा माझ्या आग्रहाखातर! लाज वाटते सांगायला, पण अख्ख्या गल्लीने पाहिलंय, मग तुम्हीच कशाला बाकी राहता?

तुम्हाला सांगतो, सगळा दोष एका वाक्याचा. अडीच वर्षं मी रोज संध्याकाळी ऑफिसातून येणार, खुर्चीत अंग टाकणार, बायको म्हणणार, "आज फार दमवलं हो याने," आणि मी बूट काढता काढता... "घरात बसून एक पोर सांभाळायचं, त्यात काय एवढं!" रोज हो, रोज! तर त्या मंगळवारी तिची मुलाखत होती. मूल झाल्यापासूनची पहिली. मी रजा काढलेली. निघताना उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "अहो, खरं सांगा, जमेल ना? तुम्हाला नाही जमलं तर मी ही नोकरी घेणार नाही. मुलाचे हाल करून मला नको." आता यावर मी काय म्हणालो असेन? बरोबर! तेच म्हणालो. छाती काढून म्हणालो. वर आणखी म्हणालो, "माझा एक फोन येणार नाही तुला!"

ती गेली आणि चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता काय?"

ठोकळ्यांचा मनोरा केला, त्यांनी लाथेने पाडला. "आता काय?" खोक्याची गाडी केली, इंजिन मी, घाम असा गळतोय की खोक्याचा तळ भिजून सुटला, गाडी पुढे आणि प्रवासी मागे! "आता काय?" घोडा झालो, तर गुडघा कट्कन वाजला. "घोला मोडला. आता काय?" अहो, काय म्हणजे काय? माझ्याकडची गंमत संपली ना तिथे! शेवटी बाथरूममध्ये टब भरला, प्लास्टिकची होडी सोडली, तेव्हा कुठे स्वारी रमली. मीही अंगावर चार तांबे ओतून घेतले, बनियन आणि टॉवेलवर आलो, आणि मनात म्हटलं, बघा... त्यात काय एवढं!

आणि नेमकी तिथेच माझी अक्कल जागी झाली. गॅलरीच्या कठड्यावर ओली चादर टाकली की घर गार होतं, असं मला वाटतं. म्हणजे, वाटायचं. चिरंजीवांना टबातून उचललं, "चल, गंमत दाखवतो" म्हणालो, चादर घेऊन गॅलरीत पाऊल टाकलं, पाठ वळवली, आणि मागून... खट!

दार काचेचं. कडी चिरंजीवांच्या उंचीची. दचकून चादर सुटली ती थेट खाली कुणाच्या तरी स्कूटरवर. मोबाईल आत. आणि काचेला नाक लावून आमचा वंशाचा दिवा हसतोय!

"कडी काढ रे राजा."

"नाई."

"अरे, सोपं आहे, वर ओढायची, त्यात काय एवढं?"

"त्यात काय एवलं!" म्हणाला आणि टाळ्या पिटल्या. काढली नाही.

पायात चप्पल नाही, फरशी नुसती पेटलेली. मी एक पाय उचलला. मग दुसरा. मग पहिला... आणि आतून, "बाबा नाचतो! अजून!" जरा थांबलो की हा म्हणे, "होडी..." आणि बाथरूमकडे वळे. अहो, टब भरलेला! मग काय करता? नाचलो! एका हातात टॉवेल, दुसऱ्या हाताने मोर, माकड, हत्ती, सगळे केले! समोरच्या इमारतीतल्या शिवणवाल्या बाई, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, खिडकीत आल्या. मागोमाग त्यांची दोन गिऱ्हाइकं.

"काय हो, व्यायाम का?"

"अडकलोय! कडी लागलीय आतून!"

"अगंबाई! थांबा, वहिनींना फोन लावते, नंबर आहे माझ्याकडे, आजचा ड्रेस मीच शिवलाय..."

"नको! नको नको नको! तिला नका लावू! मुलाखत आहे तिची!"

"अहो, पण तुम्ही..."

"मी मजेत आहे!" म्हणालो मी. टॉवेल सावरत. एका पायावर. "त्यात काय एवढं!"

आणि मान वळवली तर काचेमागे कोणी नाही.

हाक मारली. उत्तर नाही. मग आतून पाण्याचा आवाज आला, छप्प... आणि पुढे काहीच नाही. तुम्हाला सांगतो, त्या उन्हात मी गार पडलो. आणि खरं सांगू? मघाशी 'नको' म्हणालो ना, ते तिच्या मुलाखतीसाठी नव्हतं हो. माझ्या त्या एका वाक्यासाठी होतं.

"लावा!" मी ओरडलो. "बाई, लावा फोन! आत्ता लावा!"

मी काचेवर दोन्ही हातांनी धाडधाड वाजवतोय, काही केल्या काच फुटेना, हाताला कुंडी लागली, ती उचलली, आणि तेवढ्यात... चिरंजीव आले! निथळत. हातात होडी, डोक्यावर तांब्या. "बाबा, पाऊस आला!"

कुंडी खाली ठेवली आणि मीही खालीच बसलो. भाजलो. उठलो.

तिकडे बाई फोन कानाला लावून ओरडल्या, "वहिनी म्हणतायत, त्याला सांगा, कडी काढायची नाही!"

"अहो, काढायचीच आहे!"

"काढायची *नाही* म्हणा, म्हणतायत!"

मी काचेजवळ तोंड नेलं. बोट नाचवलं. "कडीला हात लावायचा नाही हं!"

खट.

दार उघडलं. समोर टाळ्या पडल्या. एक गिऱ्हाईक म्हणालं, "आता मोर परत होणार नाही का?"

संध्याकाळी ती आली तेव्हा घर आवरलेलं, फरशी पुसलेली, मी भिंतीकडे तोंड करून ठोकळे लावत बसलेलो. माझ्या तळपायांकडे बघून तिने मलम आणून ठेवलं. कळलं ते असं, की ती मुलाखतीच्या टेबलाशी बसलेली असताना फोन आला, माफ करा म्हणून तिने घेतला, ते एक वाक्य सांगितलं, फोन पालथा ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारा म्हणाली. मी म्हटलं, "चुकलो." एवढंच म्हटलं. तिने चिरंजीवांना उचललं आणि विचारलं, "कसा गेला रे दिवस?"

"त्यात काय एवलं!"

मी ठोकळ्यांतच बघत राहिलो.

नोकरी मिळाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं, मी आठवड्याची रजा टाकली. उंबऱ्यात थांबून तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोट नाचवून म्हणाली, "मला फोन करायचा नाही हं!"

ती फाटकाशी पोचायच्या आत मी केला.