सुकडीचा वाटा

तुम्ही अफवांचं बोलताय म्हणून आठवलं. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई ईट गावाजवळ तलावाच्या कामावर माती वाहायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. कामावर सगळ्यांना दुपारी सुकडी मिळायची, म्हणजे भाजलेलं गोड पीठ. बायकांत कुणीतरी उठवलं की सुकडी खाल्ली तर मूल होत नाही, त्याचसाठी सरकार ती वाटतं.

आईनं त्या दिवसापासून सुकडी सोडली. रिकाम्या पोटी पाट्या वाहायची आणि आपला वाटा शेजारच्या गंगूकाकूंना द्यायची. काकूंना पाच लेकरं होती, सहावं नको होतं. अफवेवर त्यांचाही तितकाच विश्वास, म्हणून त्या दोन्ही वाटे मन लावून खायच्या.

एके दिवशी आई भरल्या पाटीसकट बांधावर कोसळली. काकूंनी धावत येऊन तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिला बसतं केलं आणि मग त्या स्वतःच बाजूला जाऊन ओकल्या.

आईनं विचारलं, "काकू, तुम्हाला काय झालं?"

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "दिवस गेल्यात गं."

"दोन दोन वाटे खाऊन?"

"व्हय. लई भरवशानं खाल्ली म्या."

आईनं पदराची माती झटकली. "मग उद्यापासनं माझा वाटा मला ठेवते."

"ठेव की," काकू म्हणाल्या. "पर थोडी देत जा मला. आता दोन जिवांचं पोट हाय."