एलिओदोरोच्या नावाचं रॉकेट

…आणि वर मलाच म्हणतो, "नियम तुमच्याच भल्यासाठी आहे!" आमचं भलं! तुम्हाला सांगतो, नगरपालिकेतला तो साहेब, केस तुपात बुडवून काढल्यासारखे, मान वाकडी करून हळहळतोय, "वाईट झालं रे. आतषबाजीवालाच ना तुझा भाऊ? म्हणून तर मोठ्या रॉकेटांना आवर घातलाय आम्ही." अहो, रॉकेटनं नाही हो मेला माझा भाऊ, पावाच्या गाडीनं मेला! बारा वर्षं रॉकेटं वळली एलिओदोरोनं, दहाच्या दहा बोटं शाबूत! आणि सकाळी कोपऱ्यावर पाव आणायला गेला, तर गाडी मागे आली… मागे हो! पुढेसुद्धा धड चालत नव्हती ती!

मग पावाच्या गाडीला काही नियम? छे! दुसऱ्या दिवशी हजर, भोंगा वाजवत. घरात माणसं भेटायला आलेली, त्यांना कॉफीबरोबर पाव तर द्यायला हवा, आईनं त्याच गाडीचा घेतला. सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला. चांगला होता… त्याचंच तर रडू आलं.

तर रॉकेट. एकच उरलंय, त्याच्या हातचं. माझ्या उंचीची बोरूची काठी, वर मनगटाएवढी नळी. आणि नळी कशाची? माझ्या तिसरीच्या वह्यांची! मी शाळा सोडली तेव्हा एलिओदोरो म्हणाला, "निकानोर, तुझं शिक्षण खाली काही टिकत नाही, आपण ते वर पाठवू." माझे पाढे ढगात गेले हो सगळे, सातापर्यंत! पुढचे येतच नव्हते.

आता आमच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस जपमाळ. नवव्या दिवशी जमिनीवर चुन्यानं काढलेला क्रूस ताटात भरून उचलायचा आणि त्याच क्षणी गेलेल्याचं नाव ओरडून रॉकेट सोडायचं. सोडणारा कुणी का असेना, रॉकेट त्याच्या नावाचं. नाहीतर वर दार उघडणाऱ्याला कळायचं कसं, कोण आलंय ते? आणि सोडायचं हातातून! काठी बोटांत धरायची, सिगारेटनं वात पेटवायची, ओढ लागली की सोडायची. पण मे महिन्यापासून नवा नियम: वीतभरापेक्षा मोठं रॉकेट असेल तर परवाना, लोखंडी नळकांड्यातून सोडायचं आणि वीस मीटर लांब उभं राहायचं. वीस मीटर! आमचं अंगणच सहा मीटरचं!

तरी गेलो. कागद दिला साहेबानं. पहिलाच रकाना, नाव. रॉकेट कुणाच्या नावाचं? एलिओदोरोच्या! लिहिलं. तुम्ही काय लिहिलं असतं? साहेब भराभर विचारतोय, मी भराभर सांगतोय.

"वय?"

"चोवीस."

"अनुभव?"

"बारा वर्षं."

"बाराव्या वर्षापासून? शाबास! एखादा अपघात?"

"पावाच्या गाडीचा."

"अरे, रॉकेटचा विचारतोय मी."

"रॉकेटचा एकही नाही, साहेब!"

खूश झाला! म्हणाला, "अशी माणसं हवीत आम्हाला." हवी होती तर सांभाळायची ना…

आठव्या दिवशी परवाना आला. गोल शिक्का, दोन सह्या. मी वाचलाच नाही, शिक्का बघून उड्या मारल्या. नवव्या दिवशी अंगण माणसांनी भरलेलं, जपमाळ सांगणाऱ्या उर्सुलाबाईंनी क्रूस उचलायला घेतलेला, मी रॉकेट हातात घेतोय, तेवढ्यात दारात नगरपालिकेचा शिपाई. रुतिलियो. मागच्याच गल्लीतला! लहानपणी एलिओदोरोच्या मागे मागे काठ्या गोळा करायचा तो. डोळे लाल, पण परवाना मागून घेऊन वाचतोय.

"निकानोर, यावर तुझं नाव नाही. एलिओदोरोनं स्वतः हजर राहून सोडायचं, असं लिहिलंय. दुसऱ्या कुणाला चालणार नाही."

"अरे गाढवा, तो मेलाय!"

"ठाऊक आहे रे. रॉकेटनं माणसं जातात म्हणूनच तर हा नियम…"

"रॉकेटनं नाही मेला! पावाच्या गाडीनं मेला! तू पुढे होऊन खांदा दिलास ना त्याला?"

"दिला. पण नियम…"

उर्सुलाबाई चुन्यानं भरलेलं ताट घेऊन वाकलेल्या, तशाच ओरडतायत, "लवकर ठरवा रे! उचललेला क्रूस परत ठेवता येत नाही, आणि माझी कंबर गेली!"

तुम्हाला सांगतो, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गेला तुझा नियम खड्ड्यात! सिगारेट वातीला लावणार, तर आईनं मनगट धरलं. नऊ दिवसांत पाण्याचा ग्लाससुद्धा नीट धरवत नव्हता तिला. पण मनगट असं धरलं… "निकानोर, एक तर घर सोडून गेलाच. तू तुरुंगात जाऊ नकोस." मग काय करता? रॉकेट खाली ठेवलं. क्रूस गेला मुकाट्यानं. नाव मी ओरडलो, पण नुसतं नाव किती वर जातं?

मग आईनं तो परवाना मागून घेतला, रुतिलियोला विचारलं, "हा कधीपर्यंत चालतो रे?"

"डिसेंबरअखेर, मावशी."

"मग झालं तर. नोव्हेंबरात मेलेल्यांच्या सणाला सगळ्यांची गेलेली माणसं घरी जेवायला येतात, तसा हाही येईलच. स्वतः सोडेल. त्याच्याच नावाचा आहे ना कागद?"

रुतिलियोनं कागद पुन्हा वाचला, वरून खाली, खालून वर. डोळे पुसले आणि म्हणाला, "हो मावशी, मग नियमात बसतं. फक्त वीस मीटर लांब उभा राहायला सांगा त्याला."

सांगतो, बाबा, सांगतो… पण टेकडीपलीकडे पुरलाय तो, आता याहून लांब कुठे उभा राहणार?