बचावाला जावई

चिराग : काका, तुम्ही फक्त हो की नाही ते सांगा. हा फोटो कोळगावच्या कलेक्टर ऑफिसच्या कँटीनमधला आहे. तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी, पुढ्यात भजी. हे तुमचे जावई आहेत की नाहीत?

नरहरी : नाहीत. माझे जावई सांगलीला असतात.

चिराग : बोट बघा, काका. कबड्डीत रेडरचे घोटे धरून धरून वाकडं झालेलं करंगळीशेजारचं बोट. थांबा, मोठं करतो.

नरहरी : बोट ललितरावांचंच आहे. बाकीच्या माणसाची मी खात्री देत नाही.

चिराग : ग्रुपवर सकाळपासून दुसरा विषय नाही. कॉलेजच्या कबड्डी टीमला बचावाचा कोच पाहिजे. ललितभाऊंनी अर्ज केलाय. अर्ज केलेला माणूस सांगली सोडून कोळगावला भजी खातो, म्हणजे नोकरीसाठीच्या दाखल्याचं काम. दाखल्याचं काम म्हणजे इकडे राहायला येणार. म्हणजे फिक्स.

नरहरी : एवढा तपास आपल्या पोरांनी सेमीफायनलला समोरच्या रेडरचा केला असता तर ही वेळ आली नसती.

चिराग : तेच तर म्हणतोय. सात जण उभे, आणि तो आला की सगळे बाजूला. ॲम्ब्युलन्सला वाट देतात तसे. मी बोईसरवरून नाइट शिफ्ट बुडवून ते बघायला आलेलो.

जयवंती : चिराग, चहा घे. काय बघताय रे दोघं फोनमदे?

नरहरी : तुझे जावई कोळगावला येऊन गेले. सासऱ्याच्या दारावरून गेले, पण दारात नाही आले. कँटीनची भजी खाऊन परत.

जयवंती : भजी? मी भाकऱ्या नि सुक्या बोंबलाची चटणी बांदून दिलेली ना त्यांना.

नरहरी : तू दिलीस? कधी?

जयवंती : परवा. पालघरच्या स्टँडवर.

नरहरी : परवा तू डोळे तपासायला गेली होतीस.

जयवंती : स्टँड वाटेतच हाय. आणि मेघालीच बोलली, बाबांना आत्ताच सांगू नको.

चिराग : काकू, पण आता सगळं काकांच्याच हातात आहे. प्रिन्सिपल सरांनी—

नरहरी : चिराग, चहा पी.

जयवंती : चहा तो पिईल. सरांनी काय?

चिराग : सर बोलले, मागचा कोच तुमच्या लोकांच्या ओरडण्यानं पळाला. आता नरहरीकाकांचा होकार असला तरच नवीन माणूस घेतो. ललितभाऊ नाहीतर हरियाणावाला. संध्याकाळी फोन करणार आहेत.

जयवंती : आणि हे तुमी माज्यापासून लपवलं.

नरहरी : तू बोंबील लपवलेस.

जयवंती : मग हो सांगा. त्यात विचार कसला? पोर घरी येईल. वाडीतली मागची खोली रिकामीच हाय. एवड्या लांब दिलेली, दिवाळीला येते ती अर्धी दिवाळी प्रवासाची झोप काढते.

नरहरी : हरियाणावाल्याचा बचावही वाईट नाही. रेडरला घेरायची साखळी सुंदर करतो.

चिराग : काका, काल ग्रुपवर तुम्हीच टाकलेलं, हरियाणावाला म्हणजे दुधाचा खर्च.

नरहरी : रात्रीतून मत बदलू शकतं.

जयवंती : खरं काय ते सांगा.

नरहरी : खरं सांगू? मी गेली कित्येक वर्षं त्या मैदानाच्या बांधावर बसतो. कॉलेज हरलं की मी कोचला बोलतो. मोठ्यानं बोलतो. लोक मॅच बघायला येतात तसे काही जण मला ऐकायला येतात. आता मला सांग, जावयाला बोलायचं कसं? ज्यांचे पाय धुऊन मुलगी दिली, त्यांना बांधावरून काय म्हणू?

चिराग : मर्यादेत बोलायचं.

नरहरी : करून दाखव. समज, डाव्या कोपऱ्याचा पोरगा झोपलाय, रेडर बोनस घेऊन निवांत परत चाललाय.

चिराग : जावईबापू, डावा कोपरा जरा पुढे घ्यावा, ही नम्र विनंती.

नरहरी : ऐकलंस? हे आमंत्रण झालं. यानं कोणाला घाम फुटणार?

जयवंती : लग्नाआधी तर बोलला होतात त्यांना.

नरहरी : तेव्हा ते जावई नव्हते. समोरच्या टीमचा डावा कोपरा होते. आपल्या तीन चांगल्या पोरांना घोट्याला धरून बसवलं त्यांनी. मी माझं कर्तव्य केलं.

चिराग : काका, मी तेव्हा शाळेत होतो. त्यातले दोन शब्द मला पहिल्यांदा तिथेच कळले.

जयवंती : आणि मेघाली यांच्या बाजूला बसलेली. यांनी त्या पोराचं नाव इतक्यांदा घेतलं, इतक्यांदा घेतलं, की तिनं शेवटी मान वर करून बघितलं, हाय तरी कोण हा. झालं लग्न.

नरहरी : म्हणजे माझ्यामुळे.

जयवंती : तुमच्यामुळंच. मी कुटं नाय म्हणते?

चिराग : काका, एक आयडिया. तुम्ही ललितभाऊंना काही बोलायचं नाही. फक्त खेळाडूंना बोलायचं.

नरहरी : चुकीच्या जागी उभं केलेल्या पोराला कसं बोलू? ज्यानं उभं केलं त्यालाच बोललं पाहिजे. हे तत्त्वाचं आहे.

जयवंती : तत्त्व ना? ठीक हाय. सरांना नाय सांगा. मग मेघालीला फोन तुमीच लावा. सांगा, बाबांना ओरडायला जागा पायजे म्हणून तू तिकडंच राहा.

नरहरी : असं नाही सांगता येत.

जयवंती : मग कसं सांगाल? करून दाखवा.

चिराग : काका, तुमचा फोन वाजतोय. सरच आहेत.

(नरहरी उठून पडवीच्या टोकाला जातात. आवाज इथवर येतो.)

नरहरी : नमस्कार सर. ... हो, विचार केला. ... दोन्ही बाजूंनी केला. ... बोला ना. ... अट? कोणाची, ललितरावांची? ... पगाराची असेल तर मी मधे पडत नाही. ... पगाराची नाही. ... काय म्हणाले? ... परत सांगा. ... मॅचच्या दिवशी सासरे मैदानात नकोत.

चिराग : काकू, हे लिहून दिलंय का त्यांनी?

जयवंती : ऐक गप.

नरहरी : नाही सर, राग कसला. ... बांधावर पण नको? ... आणि बाहेर रस्त्यावर? ... रस्त्याचंही बोललेत. ... अच्छा, टेम्पोत उभं राहून पण नाही. ... सर, एक मिनिट. माझं मत ऐका. बचावाच्या माणसानं सगळ्यात आधी धोका कुठून येणार ते ओळखायचं असतं. रेडरनं मधली रेषा ओलांडायच्या आधी. या उमेदवारानं रुजू व्हायच्या आधी ओळखलंय. असा माणूस तुम्हाला हरियाणात मिळणार नाही. घेऊन टाका. ... हो, अट मान्य. ... ठेवतो.

चिराग : काका, तुम्ही बांधावर नाही म्हणजे? मग आपल्याकडून बोलणार कोण?

नरहरी : तू बोल. मी फोनवरून सांगत जाईन, शब्द तू टाक.

जयवंती : फोन नाय नि काय नाय. मॅच असली की तुमी घरात.

नरहरी : घरात बसून करू काय? नारळ मोजू?

जयवंती : मेघाली असेल ना. ती पण मॅच बघत नाय. ललितराव खेळत होते तेवापासून तिला बघवत नाय. दार लावून वालाच्या शेंगा सोलत बसते, निकाल लागला की उठते.

नरहरी : हे मला कोणी सांगितलं नाही.

जयवंती : तुमी बांधावर असायचा. सांगणार कोणाला?

चिराग : ग्रुपवर टाकू का काका, ललितभाऊ फायनल म्हणून?

नरहरी : टाक. आणि चिराग, यंदा मॅच किती आहेत ते बघ जरा. गेल्या वर्षीपेक्षा जास्त असल्या तर बरं होईल.