मिसरचा पाहुणा

— बीट किसू की चिरू?

— इस्राएलचं नाव पहिल्यांदा दगडावर कोरलं ते एका मिसरी माणसानं.

— दूध नको गो घालू. त्याला दूधपण चालत नाय.

— त्या खुर्चीवरचा कोट कुणाचा?

— घरमालक दाराला खिळा मारू देत नाही, आई. टेप लावू.

— जहाज फुटलं तेव्हा आपली पुस्तकंपण बुडाली.

(मलिंगार, आयर्लंड, एप्रिल २०१९. गुड फ्रायडेची संध्याकाळ. एका मराठी ज्यू घराच्या स्वयंपाकघरात रेवदंड्याहून आलेली आई, तिचा मुलगा शिरीष आणि सून रेवती. टेबलावर चार ताटं.)

शिरीष: चार? चौथं कुणाचं?

आई: सामेहचं.

शिरीष: हॉस्पिटलमधला तो इजिप्तचा डॉक्टर सामेह?

आई: दुसरा कुठला सामेह ओळखते मी?

रेवती: मी बोलली होती तुला. तू लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होतास. ‘ग्रँड’ म्हणालास.

शिरीष: मी सगळ्यालाच ग्रँड म्हणतो!

रेवती: तेच तर. आता भोग.

शिरीष: आई, आज पेसाह आहे. मिसरच्या गुलामीतून आपण सुटलो, त्याची रात्र. आणि तू जेवायला एका मिसरी माणसाला बोलावलंस?

आई: मंग? वर्षातनं एकदा त्यांचं नाव घेतो, तर त्याच दिवशी नको बोलवायला?

शिरीष: नाव घेतो! आई, आपण काय वाचतो ते आठव. नदीचं रक्त झालं, बेडूक, उवा, टोळ. मग त्यांच्या घराघरातला थोरला मुलगा मेला, आणि सैन्य समुद्रात बुडालं. हे मी त्याच्या तोंडावर वाचू?

आई: तू वाचणार होतास?

शिरीष: तो मुद्दा नाहीये.

आई: नाय, मला ठाऊक नव्हतं म्हणून विचारलं. बाबा गेल्यापासून विचारतेय, यंदा त्यांच्या जागी बसून कोण वाचणार. तू म्हणतोस, बघू. वाचायचंच नसेल तर पाहुणा मिसरचा काय नि मलिंगारचा काय.

शिरीष: मग नुसतं जेवू या ना. सामेह येऊ दे, मस्त जेवू, गप्पा मारू.

आई: गोष्ट नाय तर भाकरी नाय. वाचल्याशिवाय कुणी भाकरी मोडली, तर मी उद्याचं विमान पकडीन.

रेवती: उद्याचं विमान भरलेलं असेल, आई. ईस्टर आहे.

आई: मंग उभ्यानं जाईन.

शिरीष: ओके. खरं सांगू? मी वाचत नाहीये कारण हे घडलेलंच नाही. मी बरंच वाचलंय यावर. मिसरचे लोक कसले पक्के होते! किती गोण्या धान्य आलं, कुठल्या मजुरानं दांडी मारली, का मारली, सगळं लिहून ठेवायचे. पूर्वेकडचे लोक तिथे राहत होते, विटा पाडत होते, त्यांची चित्रंही आहेत. इथपर्यंत ठीक. पण एवढा मोठा जमाव गुरंढोरं घेऊन निघाला, समुद्र दुभंगला, फारो बुडाला, यातलं एक अक्षर सापडत नाही. एकही नाही.

आई: फारो काय स्वतःची फजिती कोरून ठेवील?

शिरीष: तसं नसतं गं. एव्हिडन्स लागतो.

रेवती: अरे, पण तो दगड? परवा मला फोटो दाखवून राहिला होतास, तो.

शिरीष: रेवती, प्लीज.

रेवती: आई, कैरोच्या म्युझियममध्ये एक मोठा काळा दगड आहे. तीन हजार वर्षांपूर्वीचा. फारोनं कुणाकुणाला हरवलं, त्याची यादी. त्यात इस्राएलचं नाव आहे. तो सापडला तेव्हा त्याहून जुना उल्लेख कुठे मिळाला नव्हता म्हणे.

आई: बघ! आणि हा म्हणतो नाय.

शिरीष: त्यात सुटकेबद्दल काहीच नाहीये, आई. उलट लिहिलंय.

आई: काय लिहिलंय?

शिरीष: जाऊ दे.

आई: सांग तर.

शिरीष: लिहिलंय की, इस्राएल उजाड झाला. त्याचं बी उरलं नाही.

रेवती: आई? काय झालं? रडून राहिल्या की हसून?

आई: अगो, बी उरलं नाय! मी इथे बीट किसतेय, हा कपाटाला टेकून वाद घालतोय, आणि बी उरलं नाय! लिहिणाऱ्याला जरा घाईच झाली.

शिरीष: हसायला काय आहे त्यात?

आई: बाबा असते तर लोळले असते रे. त्यांना सांगितलं होतंस हे?

शिरीष: नाही. राहून गेलं.

आई: हं. मंग आता माझं ऐक. आपली माणसं नवगावच्या किनाऱ्याला लागली, सात बाया नि सात गडी. तुझा तो एव्हिडन्स कुठाय? जहाज बुडालं, पुस्तकं बुडाली, भाषापण गेली. तेल गाळायला लागले. पण शनिवारी घाणा बंद. गाव हसायचं, शनवार तेली म्हणायचं. का बंद ठेवता, असं विचारलं तर सांगायला कागद नव्हता. बापानं ठेवला म्हणून आम्ही ठेवतो. त्या बंद घाण्यावर तुझं हे नाव, तुझी सुंता, आज माझ्या हाताला लागलेलं हे बीट, सगळं उभं हाय. तुझ्या दगडावर नाय.

शिरीष: मी त्याला नाही म्हणत नाही.

आई: मंग हात बुडव. परातीत रस काढून ठेवलाय. कागद तो बघ.

शिरीष: मी?

आई: दारावरचा पंजा घरातल्या पुरुषाचा असतो. गावाला बकऱ्याच्या रक्ताचा असायचा, इथे बिटाचा. देव समजून घेईल. त्याला आयर्लंड ठाऊक असेल.

शिरीष: आई, तो पंजा म्हणजे तरी काय? मरण या दारावरून पुढे जाऊ दे, मिसऱ्यांच्या घरात शिरू दे. सामेह त्याच्या घरात थोरला आहे. तो त्या दारातून आत येणार!

आई: येऊ दे की. पंजा दारावर असतो. आत कोण बसलंय, ते तो विचारत नाय. आत आला तो वाचला.

रेवती: घे. आता बोल.

शिरीष: तू कुणाच्या बाजूनं आहेस?

रेवती: मी भुकेच्या बाजूनं आहे. सकाळपासून खोबरं वाटून राहिली मी. बिना माशाचं कालवण वेगळं, बटाटा घालून, कारण तुमच्या मिसरी पाहुण्याचा उपास आहे. त्यांचा ईस्टर पुढच्या आठवड्यात. मांस, मासे, अंडी, दूध, सगळं बंद.

शिरीष: म्हणजे तो उपाशीपोटी बसून स्वतःच्या पूर्वजांचं बुडणं ऐकणार. वा.

आई: त्याला पाठ हाय ते.

शिरीष: काय पाठ आहे?

आई: समुद्राचं गाणं. फारोचे रथ नि घोडे पाण्यात गेले, ते. मोशेनं पलीकडे पोचल्यावर म्हटलं ते.

रेवती: खरंय. मी विचारलं त्याला. तो कॉप्टिक ख्रिश्चन आहे नं. त्यांच्या चर्चमध्ये रात्रीच्या प्रार्थनेत म्हणतात. मिसरच्या जुन्या भाषेत.

शिरीष: मिसरी लोक? स्वतःच फारो बुडाल्याचं गातात?

रेवती: मीपण हेच बोलली. तो म्हणाला, गाणारा कधी फारोच्या रथात बसतो का? पायी चालणाऱ्यांबरोबरच चालतो.

शिरीष: हे तुला कुठून कळलं, आई? त्याला गाणं येतं ते?

आई: ऐकलंय.

शिरीष: कुठे?

आई: हॉस्पिटलात. बाबांची शेवटची रात्र. त्यांना झोप येईना. सारखे पाय हलवायचे, उठून बसायचे. तो खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात म्हणायला लागला. मला एक शब्द कळेना, पण मधेच मोशे आला, मंग फारो आला. बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, शुलामिथ, ही चाल चुकीची हाय, पण पोरगं बरोबर जागी हाय.

शिरीष: हे तू मला सांगितलं नाहीस.

आई: तू विचारलंस कुठे? तू अ‍ॅथलोनच्या कारखान्यातनं आलास, कागदांवर सह्या केल्यास, घरी येऊन बाबांच्या त्या खुर्चीवर कोट टाकलास. तो अजून तिथेच हाय.

रेवती: मी दोनदा उचलला. दोन्ही वेळा परत आणून टाकला यानं.

शिरीष: तिथे कुणी बसू नये म्हणून.

आई: ठाऊक हाय रे मला.

शिरीष: आणि सामेहचं म्हणशील तर, त्यानं त्याचं काम केलं. रात्रपाळी होती त्याची.

आई: तुला असं वाटतं?

शिरीष: डॉक्टर आहे तो, आई.

आई: बरं.

शिरीष: आणि समजा बसलो मी तिथे. प्रश्न कोण विचारणार? ‘आजची रात्र वेगळी का’ हे सगळ्यात धाकट्यानं विचारायचं असतं. चौतीस वर्षं मी विचारलं आणि बाबांनी उत्तर दिलं. आता मीच विचारू, मीच सांगू?

आई: टेबलावर धाकटं कोण, ते नंतर बघू. आधी हात.

रेवती: बाही वर कर. पांढरा शर्ट आहे.

शिरीष: थंड आहे हे.

आई: बोटं फाकव. अजून. दाब. अंगठापण टेकू दे. हां. बाबांचा असाच यायचा, करंगळी वाकडी.

शिरीष: रेवती, टेप कुठेय?

रेवती: प्रेसमध्ये. चहाच्या डब्याशेजारी.

आई: या देशात कपाटाला प्रेस म्हणतात, आणि मला सांगतो समुद्र दुभंगत नाय.

रेवती: लावला? वाकडा आहे जरासा.

शिरीष: राहू दे वाकडा. तो कोट आत टांग. नको, थांब, मीच नेतो.

आई: बेल वाजली.

शिरीष: मी उघडतो. ये, सामेह, ये. बूट राहू दे. हात मिळवत नाही, माझा लाल आहे.

आई: काय म्हणतोय तो? दारातच का उभाय?

रेवती: पंजा बघून राहिला, आई. म्हणतोय, आमच्या गावी, मिन्याला, आजी असाच पंजा लावायची दाराला. आम्ही विचारलं तर नुसतं हसायची. तुम्ही का लावता?

आई: किती वर्षांचा हाय गो हा?

रेवती: सत्तावीस.

आई: मंग झालं. धाकट्यानं विचारलं.

शिरीष: सामेह, तू इथे बस, माझ्या शेजारी. आई, पोथी दे. सगळे बसा. सांगतो.

— बाबा गेले त्या रात्री सामेहची ड्यूटी संध्याकाळीच संपली होती.