पल्याडचा तांब्या

अबोली : सरूमावशी, तांब्या सगळा हिरवट पडलाय. कोरलेलं नाव तेवढं लख्ख आहे. तिथंच तुमचा अंगठा फिरतो का?

सरुबाई : आधी त्यो फोन बंद करा, म्याडम.

अबोली : केला. आता रेकॉर्ड होत नाही.

सरुबाई : वाचा नाव.

अबोली : प्रयागबाई.

सरुबाई : मला वाचाय येत न्हाय, पर कुनाचा त्ये ठावं हाय. कॅनॉलपल्याडच्या म्हातारीचा. पान्याच्या पाळीवरनं दोन वस्त्या भिडल्या, त्या दिशी माझा ल्योक संदेश मेला, त्येच्या उशाशी पडल्याला.

अबोली : पोलिसांना दिला नाहीत?

सरुबाई : पदराखाली घेतला. मारनाऱ्यांत तिचा थोरला हुता. केस संपली, पोरं सुटून घरी आली, तांब्या हितंच. सांडल्याला हुता. पोरानं पिऊन सांडला का न पिताच, तेवढंच कळंना मला.

अबोली : कधी विचारलं नाहीत?

सरुबाई : कुनाला? तवापासनं तिकडचं पानी आमी पीत न्हाय, आमचं त्ये. तुमीच तेवढ्या दोन्हीकडं च्या पिता. मागल्या बाजारादिवशी म्हातारी तुमच्यापाशी लई बोलली म्हनं.

अबोली : मावशी, मी इकडचं तिकडं सांगत नाही.

सरुबाई : म्हनून तर बोलले तुमच्यासंगं. चुगल्या करनारी गावात काय कमी हायती? पर येक सांगा. पानी प्याला का त्यो?

(अबोली बंद फोनवर तळहात ठेवते आणि तसाच राहू देते.)

अबोली : मी त्यांना शब्द दिलाय.

सरुबाई : म्हंजी ठावं हाय तुमास्नी.

अबोली : मावशी...

सरुबाई : तुमी लिवताय त्या पुस्तकात येनार?

अबोली : नावं बदलून.

सरुबाई : मंग पुन्याच्या लोकास्नी कळंल. संदेश काळा का गोरा, त्ये बी ठावं न्हाय त्यास्नी. आन् मी हितं तांब्या चोळत बसू.

अबोली : तो भाग मी लिहीत नाही. मला लिहवतही नाही. टाइप करताना तुम्हा दोघींचे आवाज एकामागून एक येतात. मी मध्येच उठून जाते.

सरुबाई : उठून कुठं जाता?

अबोली : कुठं नाही. पाणी पिते.

सरुबाई : रडू नगा, बाय. शब्द दिलाय तर पाळा. मला दिल्याला बी तिकडं पाळलाच की.

अबोली : मी त्यांची परवानगी मागू?

सरुबाई : नगं. ती चिंच द्या हिकडं.

अबोली : चिंच कशाला?

सरुबाई : तांब्या घासते. आन् त्या डब्यातली मूठभर ज्वारी काढा. कुनाचं भांडं रिकामं देऊ न्हाय.

अबोली : मी नेऊन देऊ त्यांना?

सरुबाई : तुमी हितंच बसा. मीच जाऊन इचारते तिला.